सायकलचा डिस्क ब्रेक : काय दुरुस्त होतं आणि काय बदलावंच लागतं

डिस्क ब्रेक नीट लागेना झाला की दुकानात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे "सेट बदलून टाका". कधीकधी ते बरोबरही असतं. पण पुष्कळदा दुकानात सुटे भाग नसतात किंवा ब्लीड करायचं (ऑइलमधली हवा बाहेर काढायचं) किट नसतं, आणि मग हेच उत्तर सगळ्यांत सोपं पडतं. डिस्क ब्रेक ही एक अखंड वस्तू नाही. पॅड, केबल आणि ऑइल संपण्यासाठीच असतात. ते बदलणं ही देखभाल झाली. डिस्क चालेल की नाही हे मोजून कळतं. दुरुस्ती की बदली हा खरा प्रश्न उरतो तो कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि लिव्हर एवढ्यापुरता. त्यामुळे आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा, पैशांचा हिशोब नंतर.

लिव्हर दाबून काय कळतं

कॅलिपरला हलणारा हात आणि त्यात अडकवलेली तार दिसली तर तो केबलचा ब्रेक. काळा बंद पाइप थेट कॅलिपरमध्ये जात असेल तर हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चालणारा. आता सायकल सरळ उभी करून लिव्हर दाबा.

लिव्हर कडक आहे, पण सायकल थांबत नाही, वर ब्रेक किंचाळतो: दोष पॅड आणि डिस्कच्या पृष्ठभागात आहे. कॅलिपर, लिव्हर, ऑइल बहुतेक वेळा ठीक असतं. अशा ब्रेकचा अख्खा सेट बदलणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि दोनतीनदा पंप केल्यावर कडक होतो: आत हवा आहे किंवा पॅड फार झिजलेत. आधी पॅड बघा, कारण ते बघायला पाच मिनिटं लागतात आणि ब्लीड करायला अर्धा तास.

लिव्हर घट्ट दाबून धरला, तर अर्ध्या मिनिटात तो हळूहळू हँडलकडे सरकत जातो: ऑइल कुठेतरी निसटतंय, बाहेर तरी नाहीतर आतल्या सीलवरून (रबरी कड्यांवरून) तरी. खर्चाचा निर्णय घ्यावा लागतो तो इथे.

लिव्हर सोडल्यावर चाक जड राहतं: हायड्रॉलिकमध्ये पिस्टन (पॅडला पुढे ढकलणारे दट्टे) अडकलेत, केबलमध्ये तार गंजली आहे. आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला एकाच जागी "चर्र" होत असेल, तर डिस्क वाकली आहे. आवाज सलग येत असेल, तर कॅलिपर एका बाजूला सरकला आहे. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट जरा सैल करा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. शेवटचा ताण ६ ते ८ न्यूटन-मीटर. यात बदलण्यासारखं काहीच नाही.

दोन फसवे प्रकार इथेच बाजूला काढू. पंक्चर काढायला सायकल उलटी केली आणि त्यानंतर लिव्हर मऊ पडला, तर लिव्हरच्या टाकीतली हवा पाइपात शिरली आहे. सायकल सरळ करा, पंधरावीस वेळा लिव्हर हलके पंप करा, लिव्हर दाबलेल्या स्थितीत रबरबँडने बांधून रात्रभर ठेवा. सकाळी कडक झाला तर ठीक. पण दरवेळी असं होत असेल तर टाकीत ऑइल कमी आहे, ब्लीड करून घ्या. दुसरा प्रकार: गाडीत टाकण्यासाठी चाक काढलं आणि कोणीतरी लिव्हर दाबला. पिस्टन बाहेर आले, पॅड एकमेकांना चिकटले, डिस्क आत जाईना. प्लास्टिकच्या टायर लिव्हरने ते हळूच मागे ढकला. स्क्रूड्रायव्हर घालू नका. शिमानो कंपनीच्या अनेक ब्रेकमध्ये पिस्टन सिरॅमिकचे असतात, त्यांचा टवका उडतो, आणि फुकटात सुटणारं काम नव्या कॅलिपरवर जातं.

पॅड

चाक काढा, पॅडची पिन किंवा स्क्रू काढा, दोन्ही पॅड स्प्रिंगसकट बाहेर घ्या. शिमानोच्या पॅडवर घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला की तो बाद. स्रॅम वेगळ्या पद्धतीने मोजते: मागच्या पत्र्यासकट पूर्ण जाडी ३ मिलिमीटरच्या खाली गेली की बदला. आपल्याकडचा पावसाळा धरला तर थर १ मिलिमीटरवर आला की नवे आणून ठेवलेले बरे. भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या रस्त्यावर रेझिनचे (राळेत कण बांधलेले) पॅड बघता बघता संपतात, आणि थर संपला की पत्रा आणि स्प्रिंग डिस्कला खरवडायला लागतात. दोनशे-तीनशे रुपयांसाठी थांबलात की डिस्कही जाते.

जाडी भरपूर आहे, पण पॅड काचेसारखा चकाकतोय? तो तापून गुळगुळीत झाला आहे. सपाट फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि त्यावर पॅड आठच्या आकड्यात घासा, चकाकी जाऊन एकसारखा मॅट पृष्ठभाग दिसेपर्यंत. तोंडाला मास्क लावा आणि धूळ फुंकू नका. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते "आयपीए" नावाने मिळतं. पेट्रोल, रॉकेल, साबण यांतलं काहीही नको, मागे तेलकट थर राहतो.

पॅडवर गडद, ओलसर डाग असेल तर त्यात तेल मुरलं आहे. साखळीवर मारलेल्या स्प्रेचा फवारा डिस्कवर जाणं हे याचं सगळ्यांत नेहमीचं कारण. वरवरचं तेल घासून जातं. आत मुरलेलं नाही जात: पॅड तापला की ते पुन्हा वर येतं. पॅड गॅसवर भाजण्याचा उपाय बरेच जण सांगतात. रेझिनच्या पॅडमध्ये कण धरून ठेवणारं बाइंडरच त्यात जळतं, त्यामुळे तो नाद सोडा आणि नवे पॅड घ्या.

नवे पॅड घालण्याआधी जुने दोन्ही शेजारी ठेवून नीट बघा. दोन्हींवर सारखंच तेल असेल, तर ते बाहेरून आलं आहे. एकच पॅड काळवंडलेला असेल आणि डाग पाठीच्या बाजूने, पत्र्याच्या कडेने पुढे आलेला दिसत असेल, तर त्या बाजूचा पिस्टन गळतोय. नवे पॅड घातल्यावर दोन फेऱ्यांत पुन्हा किंचाळणारा ब्रेक बहुतेक वेळा हाच असतो. अशा कॅलिपरला कितीही पॅड घाला, सगळे नासतील.

डिस्क

शिमानो आणि टेक्ट्रोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ ला बाद. स्रॅमची सेंटरलाइन डिस्क १.८५ ची, १.५५ ला बाद. मोजताना एक गफलत हटकून होते. पॅड डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेपर्यंत घासत नाही, त्यामुळे ती कड जाडच राहते. जाडी मोजायच्या व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकले की माप जास्त येतं आणि संपलेली डिस्क चांगली वाटते. जबड्यांची टोकं पॅडच्या घासपट्टीवरच टेकवा, आणि चार ठिकाणी मोजून सगळ्यांत कमी आकडा धरा. व्हर्नियर नसेल तर नखाने बघा: पट्टीवरून कडेकडे नख नेताना स्पष्ट पायरी लागली तर डिस्क दुकानात नेऊन मोजून घ्या.

डिस्क थोडी वाकली असेल तर सरळ करता येते. मागे पांढरा कागद धरून चाक फिरवा, पॅड आणि डिस्कमधली फट कुठे बंद होते तिथे मार्करने खूण करा, पान्याचे जबडे अल्कोहोलने पुसून खुणेच्या जागी डिस्क धरा आणि अगदी हलकं वाकवा. पुन्हा फिरवून बघा. पाचसहा वेळा असं केलं की अर्ध्या मिलिमीटरचा वाक निघतो. मधल्या काड्याच वाकल्या असतील किंवा वाक एक मिलिमीटरच्या वर असेल, तर वेळ घालवू नका. भोकांपाशी तडा दिसला तर सायकल तिथल्या तिथे थांबवा. नुसता निळसर रंग आला असेल, तर डिस्क तापली आहे एवढाच अर्थ. सपाट आणि जाड असेल तर चालू द्या.

नवे पॅड घेताना डिस्कवरचा मजकूर वाचा. स्वस्त डिस्कवर "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं असतं. तिच्यावर मेटलचे पॅड घातले तर ते टिकतात आणि डिस्क झपाट्याने खाल्ली जाते.

डिस्क सहा बोल्टची असेल तर टी-२५ स्टार पान्याने ताऱ्याच्या क्रमाने आवळा, एका बाजूने ओळीने नाही. शिमानो २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, स्रॅम ६.२. सेंटरलॉक (मधल्या एकाच रिंगने बसणारी) असेल तर ४०.

केबलचा ब्रेक

केबलचे ब्रेक "गेले" म्हणून दुकानात येतात, त्यांतले बरेचसे नुसत्या सेटिंगने उभे राहतात. पॅड झिजत जातात तसतशी लोक तारच ओढत राहतात. शेवटी कॅलिपरचा हात विश्रांतीच्या जागीच अर्धा फिरलेला असतो आणि दाबायला अंतरच उरत नाही. म्हणून तार सैल करून हात पूर्ण मागे जाऊ द्या. बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये बाहेरचा पॅड हलतो आणि आतला स्थिर असतो. बाहेरचा पॅड डिस्कला ढकलून स्थिर पॅडवर टेकवतो, त्यामुळे स्थिर पॅड जितका जवळ तितका ब्रेक चांगला. चाकाच्या बाजूने ॲलन की घालून तो पॅड डिस्कला जेमतेम लागेल इतका पुढे आणा, मग किंचित मागे घ्या; मधली फट व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी हवी. त्यानंतरच तार ताणून बोल्ट आवळा. बारीक फरक लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने.

तरीही लिव्हर जड असेल तर तार आणि आउटर (तारेवरची नळी) दोन्ही बदला. नुसती तार बदलून गंजलेल्या आउटरमध्ये घातली की महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. आउटर गिअरचा घेऊ नका. तो ४ मिलिमीटरचा, उभ्या तारांचा असतो आणि ब्रेकच्या ताणाने फुटू शकतो. ब्रेकचा ५ मिलिमीटरचाच हवा.

कॅलिपर कधी बाद करायचा? हात पकडून वरखाली हलवला आणि मुळाशी खडखड जाणवली, ॲडजस्ट करायची ॲलन की नुसतीच गोल फिरायला लागली, किंवा आतले बॉल गंजून हात परत येईना, तर. पत्र्याच्या स्वस्त कॅलिपरला सुटे भाग नसतात आणि नवा कॅलिपर पॅडसकट मिळतो, त्यामुळे त्याच्यावर मजुरी घालण्यात अर्थ नाही. मात्र नवा कॅलिपर घेताना लिव्हर कुठला आहे ते सांगा. सरळ हँडलचा लिव्हर तार जास्त ओढतो, रोड सायकलचा कमी ओढतो. एकाचा कॅलिपर दुसऱ्याला लावला तर ब्रेक एकतर मऊ राहतो नाहीतर लाकडासारखा कडक लागतो आणि पकड देत नाही.

हायड्रॉलिक: ऑइलचा घोळ

शिमानो, टेक्ट्रो आणि मॅगुरामध्ये मिनरल ऑइल असतं. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड, पण तिच्याच डीबी८ आणि मेव्हनमध्ये मिनरल ऑइल. म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

हे इतकं ताणून सांगायचं कारण असं की मोटरसायकलच्या गॅरेजात डॉट ३ किंवा डॉट ४ ची बाटली कायम असते आणि "ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल" म्हणून ती शिमानोच्या लिव्हरमध्ये ओतली जाते. मिनरल ऑइलच्या ब्रेकमधलं रबर डॉटसाठी बनवलेलं नसतं. ते फुगतं. आधी लिव्हर जड होतो, मग पिस्टन मागे जात नाहीत, शेवटी गळती सुरू होते. उलट बाजूने डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल गेलं तरी हेच. चूक तासाभरात कळली तर धुऊन काढण्याचा प्रयत्न करता येईल, पण काही दिवस चालवलेल्या ब्रेकवर तो भरवसा ठेवण्याजोगा नाही. लिव्हर, पाइप, कॅलिपर सगळंच बदला. पूर्ण सेट बदलणं निर्विवाद योग्य ठरतं अशा थोड्या प्रसंगांपैकी हा एक.

योग्य ऑइल असेल तर मऊ लिव्हरला नुसतं ब्लीड पुरतं. डॉट हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: डॉट ५.१ ला नव्याने किमान २६० अंश, ओल शोषल्यावर किमान १८०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. सिंहगडासारख्या सलग उतारावर अर्ध्यातच लिव्हर हँडलला टेकायला लागला तर जुनं डॉट उकळलं असण्याची दाट शक्यता. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर ते बदला. मिनरल ऑइल ओल शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी सगळ्यांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये साचतं, आणि उष्णता नेमकी तिथेच असते. ऑइल काळपट झालं की बदला.

ब्लीड करताना पॅड काढून जागी प्लास्टिकचा ठोकळा घाला, पिस्टन पूर्ण मागे ढकलून. हे टाळून झिजलेल्या पॅडसकट टाकी काठोकाठ भरली, तर पुढे नवे जाड पॅड बसतच नाहीत, चाक आवळतं, आणि "कॅलिपर गेला" असं निदान होतं. त्यावर उपाय लिव्हरचा ब्लीड स्क्रू उघडून, खाली फडकं धरून, पिस्टन मागे ढकलत जास्तीचं ऑइल बाहेर काढणं हा आहे.

अडकलेल्या पिस्टनसाठी: पॅड काढा, लिव्हर हळू दाबून पिस्टन दोनतीन मिलिमीटर बाहेर आणा, त्याहून जास्त नको. ब्रेकमध्ये असेल तेच ऑइल कापसाच्या काडीवर घेऊन पिस्टनच्या कडेने फिरवा, मळ पुसा, मागे ढकला. जो पिस्टन आधी हलतो त्याला टायर लिव्हरने धरून ठेवा म्हणजे आळशी पिस्टनला यावंच लागतं. चारपाच फेऱ्यांत दोन्ही सारखे हलायला लागतात. नाही लागले तर सील कडक झालं आहे.

गळती, आणि ती कुठली यावरून निर्णय

ब्रेक बाहेरून अल्कोहोलने कोरडा करा. टिश्यू पेपरच्या पट्ट्या तीन ठिकाणी गुंडाळा: लिव्हरच्या पिस्टनपाशी, लिव्हरला पाइप जोडला जातो तिथे, आणि कॅलिपरच्या जोडापाशी. पॅडच्या जागी ठोकळा ठेवून लिव्हर घट्ट बांधा आणि रात्र जाऊ द्या.

पाइपच्या जोडापाशी ओल आली तर दुरुस्ती स्वस्तातली. ८ मिलिमीटरचा नट आवळून बघा, शिमानोसाठी ५ ते ७ न्यूटन-मीटर. थांबलं नाही तर पाइपचं टोक काटकोनात कापून नवं ऑलिव्ह (पाइपवर दाबून बसणारं कडं) आणि नवी बार्ब (पाइपच्या टोकात घालायची नळी) घाला, ब्लीड करा. दाबलेलं जुनं ऑलिव्ह पुन्हा वापरू नका. पाइप चिरला असेल तर फक्त पाइप बदलता येतो.

कॅलिपरच्या पिस्टनमधून गळत असेल तर कंपनीवर अवलंबून आहे. शिमानो पिस्टन आणि सील सुटे विकत नाही, कॅलिपर बदलायचा. स्रॅम आणि होप यांची सील किट मिळतात, आणि ब्रेक महागडा असेल तर ती घालणं परवडतं. लिव्हरच्या मागून गळत असेल तरी हाच हिशोब. बाजारात मिळणाऱ्या "कुठल्याही ब्रेकला चालणाऱ्या" पिस्टनच्या नादी लागू नका. मापात किंचित फरक असला तरी ब्रेक मधेच सोडेल.

पैशांचा हिशोब

तुलना करताना डिस्क दोन्ही बाजूंनी वगळा. नव्या सेटमध्ये बहुधा लिव्हर, ऑइल भरलेला पाइप, कॅलिपर आणि पॅड येतात, डिस्क क्वचितच. ती झिजली असेल तर दुरुस्त करा नाहीतर बदला, डिस्कचा खर्च आहेच. उलट पॅड आणि ब्लीड दुरुस्तीच्याच खात्यात धरा, कारण नव्या सेटमध्ये ते आलेलेच असतात. अशी बेरीज नव्या सेटच्या निम्म्यापर्यंत असेल तर दुरुस्त करा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या हायड्रॉलिकमध्ये नुसता कॅलिपर, पॅड आणि ब्लीडची मजुरी मिळून पूर्ण सेटच्या जवळ जाते. तिथे सेटच घ्या. दोन्ही चाकांचा घ्यायची गरज नाही, मागचा चांगला असेल तर राहू द्या.

घेताना पुढच्या-मागच्याचा गोंधळ टाळा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तर अनेक आयात सेटमध्ये उजवा लिव्हर मागच्यासाठी असतो. लांब पाइप उजव्या लिव्हरला आला तर पाइप कापून अदलाबदल आणि ब्लीड, म्हणजे आयता भरलेला सेट घेतल्याचा फायदा संपला. फ्रेमवर कॅलिपरच्या भोकांमधलं अंतर मोजा, त्यावरून कॅलिपर बसवायची पद्धत कळते: ७४ मिलिमीटर म्हणजे पोस्ट माउंट, ५१ म्हणजे आयएस, त्याला ॲडाप्टर लागतो. डिस्कचा व्यासही तोच ठेवा, १६० ला १६०.

केबलवरून हायड्रॉलिकवर जायचं असेल तर आधी लिव्हर बघा. गिअर शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच तुकड्यात असतील तर शिफ्टरही नवे घ्यावे लागतात, आणि हा खर्च दुकानदार बिल करताना सांगतो. रोड सायकलला तर तो फारच वाढतो. तिथे टीआरपीच्या हाय-आरडीसारखा, तारेने चालणारा पण आतून हायड्रॉलिक असलेला कॅलिपर हा मधला मार्ग आहे.

पॅड किंवा डिस्क नवी असेल तर लगेच घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका. असं वीसेक वेळा. मग जरा जास्त वेगाने दहा वेळा. पुढचा आणि मागचा वेगवेगळा. सुरुवातीला ब्रेक कमी लागेल, बाराव्या-पंधराव्या वेळेपासून पकड वाढलेली जाणवते. पहिल्या मोठ्या फेरीनंतर कॅलिपरचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा, आणि लिव्हर अर्धा मिनिट दाबून धरून बघा, सरकतो का.